थरथरकांडी

९ नोव्हेंबर

प्रिय माऊ,

तुझा पत्ता मी तुझ्या बाबांच्या पाकिटातून घेतला. चोरला म्हणालीस तरी चालेल. बसच्या तिकिटामागे त्यांनी तो बारीक अक्षरात लिहून ठेवलाय, आणि तिकिटावर तारीख ऑगस्टची आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये चार दिवस ते 'नवीन लिफ्टच्या प्रशिक्षणाला' गेले होते, ती लिफ्ट तुझ्या गावात होती तर! सत्तावीस वर्षांच्या संसारात माणूस पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही धड जमलं नाही. परत आले ते पिशवीच्या तळाशी तुझ्या नव्या क्लबचा मफलर लपवून. लिफ्टच्या प्रशिक्षणात मफलर देतात का, असं विचारणार होते. पण नाही विचारलं. तिकीट होतं तसं घडी करून ठेवून दिलं.

रविवारी सकाळी दहाला तुझा फोन येतो. ते गॅलरीत जातात आणि दार ओढून घेतात. मी आत इस्त्री करत असते. काचेतून फक्त पाठ दिसते, पण इतक्या वर्षांत मला त्यांची पाठ वाचता यायला लागलीय. तू काही मजेचं बोललीस की खांदे हलतात. गेल्या रविवारी दोनदा हलले. मी शर्टाची बाही जाळली.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस म्हणून पत्र. आणि खरं सांगायचं तर टाइप करायचा मी आता धसकाच घेतलाय. कागदावर हात सावकाश चालतो, वाक्य पुरं व्हायच्या आत लाज वाटायला वेळ मिळतो.

मला एवढंच सांगायचंय की जे झालं त्यात माझा हेतू वाईट नव्हता. इंटरनेटवरच्या त्या कट्ट्यावर सगळेच काहीबाही लिहितात. मी दोन ओळी लिहिल्या. दोन ओळींपायी पोटची पोर पाच महिने आईशी बोलत नाही, हे जरा जास्तच होतंय असं मला वाटतं.

असो. तिकडे थंडी जास्त असते म्हणे. सरावाला जाताना कान बांधून जा.

आई


२३ नोव्हेंबर

माऊ,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच होते, तरी पोस्टमन खालच्या मजल्यावर थांबला की माझे हात आपोआप पुसले जातात.

मागच्या पत्रात दोन ओळी म्हणाले, ते खोटं होतं. कट्टा स्वतःच हिशेब ठेवतो, प्रत्येकाच्या नावाखाली आकडा येतो. तीन वर्षांत मी चौदाशे अठ्ठ्याण्णव वेळा लिहिलं.

सुरुवात तुझ्यापासूनच झाली. क्लबकडून तुझा पहिला हंगाम, एकोणीस वर्षांची होतीस, आणि त्या एका मॅचला तुझ्यावर चार गोल झाले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लॅबमध्ये सहज तुझं नाव शोधलं, तर हा कट्टा सापडला. आपल्याच क्लबचे चाहते. 'कोपरा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'ही गोलकीपर आहे की चाळणी? चहा गाळायला बरी.' खाली तीस-चाळीस जण हसलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटांना कवळीच्या साच्याचं प्लास्टर लागलेलं होतं, तसंच मी खातं उघडलं. नाव विचारलं, तर 'खांबामागून' असं दिलं. तू नऊ वर्षांची असल्यापासून मी गोलच्या खांबामागेच उभी असायचे ना. आणि लिहिलं की चार गोलांपैकी तीन वेळा बचावफळी झोपली होती, कोपऱ्यानं मॅच पाहिली की नुसता चहा प्यायला.

लोकांना ते आवडलं. तिथूनच बिघडलं बघ.

लॅबचे मालक मला 'बाई' म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातात. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, पण ज्यांच्या तोंडात त्या बसतात त्यांतलं एक तोंडसुद्धा माझ्याशी कधी बोललेलं नाही. घरी तू आणि बाबा जेवताना ऑफसाइडवर भांडायचात, आणि मी मध्ये काही बोलले की बाबा म्हणायचे, 'तुला नाही कळायचं ते.' कट्ट्यावर मला कळत होतं. त्यांना वाटायचं मी कुणी म्हातारा, निवृत्त गोलकीपर आहे. सगळे मला 'काका' म्हणायचे. 'काका, आजच्या मॅचवर काय म्हणता?' 'काका बोलले, विषय संपला.' दुपारी एक वाजता मी डबा उघडायच्या आधी कट्टा उघडायचे.

आणि मला जमत होतं, माऊ. बोचेल असं बोलायला मला जमत होतं. एखाद्याचं व्यंग नेमकं कुठं आहे ते मला पटकन दिसायचं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात. मी तर टाळूच बनवते दिवसभर. एका बचावपटूच्या वजनावरून मी लिहिलं. रेफरीच्या तोतरेपणावरून लिहिलं. एकदा कोपरा म्हणाला, 'काका, हे जरा फार झालं,' तेव्हा मी त्यालाही सोडलं नाही.

तुला हे काही माहीत नव्हतं. तू जेवायला बसलीस की मी फोन पालथा ठेवायचे.

आई


७ डिसेंबर

माऊ,

आज शिडीबद्दल लिहिते. आधीच्या दोन्ही पत्रांत तिला मी टाळलं.

क्लबनं तिला घेतलं तेव्हा मला ती नकोच होती. संघात गोलकीपर दोन आणि जागा एक. आईला हे गणित कुणी शिकवावं लागत नाही. पण तुम्हाला दोघींना एक खोली मिळाली, आणि तू तिला पहिल्याच रविवारी घरी घेऊन आलीस. दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ आपटलं. बाबा म्हणाले, 'अगं, ही मैत्रीण आणलीस की शिडी?' आणि ती कपाळ चोळत इतकी हसली की मला राग धरताच आला नाही. मग दर रविवारचं तिचं ताट ठरलेलं. वरच्या फळीवरचे डबे मी तिच्यासाठी राखून ठेवायचे, रविवारी तिच्याकडून काढून घ्यायचे.

जेवणं झाली की तू आणि बाबा टीव्हीसमोर. ती मात्र माझ्याजवळ उभी राहून ताटं पुसायची. मार्चमधल्या एका रविवारी, एकच ताट फार वेळ पुसत ती म्हणाली, 'काकू, मला मॅचआधी उलट्या होतात.'

मी म्हणाले, 'काय खातेस आधी?'

'खाण्याचं नाही. भीतीनं. हात इतके थरथरतात की हातमोजे चढत नाहीत. डॉक्टरांनी गोळी दिलीय, ती घेतली की अर्ध्या तासानं ठीक होते. मागं यापायी वर्षभर खेळ सोडला होता. कोचना माहीत आहे. आणि खोलीत असते म्हणून हिला. बास.'

'मग मला का सांगितलंस?'

'माहीत नाही. इथं उभं राहिलं की बरं वाटतं.'

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझा हात तिच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोचायचा. म्हणाले, 'माझ्या पोटात राहील.'

दोन महिने राहिलं.

मे महिन्यात सेमीफायनलची यादी लागली आणि कोचनं तुझ्याऐवजी तिला घेतलं. तू फोनवर म्हणालीस, 'ठीक आहे आई, ती फॉर्मात आहे.' तुझा आवाज अगदी सरळ होता. तो तसा सरळ ठेवायला तुला किती जड जात असेल ते मला कळलं, आणि माझं डोकं फिरलं. मी कट्ट्यावर गेले. काय लिहिलं ते तुला पाठ असेल, पण मी ते कधी तुझ्यासमोर कबूल केलेलं नाही, म्हणून इथं लिहिते.

'जिला मॅचआधी बाथरूममध्ये ओकाऱ्या येतात आणि गोळी गिळल्याशिवाय हातमोजे चढवता येत नाहीत, त्या थरथरकांडीला सेमीफायनलला उभं करणार? कोचसाहेब, संघाच्या यादीला औषधाची चिठ्ठी जोडलीत का?'

दोनशे बारा जणांना आवडलं.

मॅचला मी आणि बाबा पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होतो. आपलेच लोक, आपल्याच क्लबचे मफलर गळ्यात घातलेले. पहिला गोल झाल्यावर खालच्या रांगांतून कुणीतरी ओकारीचा आवाज काढला. मग दुसऱ्यानं. मग चेंडू तिच्याकडे गेला की अख्खा स्टँड. बाबा मला विचारत होते, 'हे काय चाललंय? असं का करतायत हे?' मी म्हणाले, 'काय माहीत.' तिसऱ्या गोलनंतर तिनं हातमोजे काढले, गवतावर एकावर एक नीट ठेवले आणि खेळ चालू असताना चालत बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तू घरी आलीस. चपलाही काढल्या नाहीस. म्हणालीस, 'आई, थरथरकांडी हा शब्द जगात किती घरांत असेल?'

पाच वर्षांची असताना तू पोहण्याच्या तलावातून टॉवेलमध्ये कुडकुडत बाहेर यायचीस, तेव्हा मी केलेला शब्द तो. दुसऱ्या कुणाच्या घरात असणार?

मी म्हणाले, 'कुणीही म्हणू शकतं.'

तू म्हणालीस, 'बरं.' आणि आत जाऊन बॅग भरायला लागलीस.

त्या 'बरं'नंतर मी तुझा आवाज ऐकलेला नाही.

आई


१९ डिसेंबर

माऊ,

बाबांना पत्रांचं कळलं. पोस्टाच्या पावत्या मी जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते, आणि त्यांना नेमका आज जुना चष्मा हवा झाला. रागावले नाहीत. डबी मिटून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, 'पोचतात तिला. फोडत नाही. कपाटात ठेवते.'

टाकून देत नाहीस, एवढंच मी ऐकलं. मला तेवढंही पुष्कळ होतं.

मग ते म्हणाले, 'तुला एक सांगायचं राहिलंय. तिनं शपथ घातली होती म्हणून बोललो नाही. तू समजतेस ती तुझ्यावर रागावून क्लब सोडून गेली.'

'मग?'

'तिला राहूच दिलं नसतं त्यांनी. ही गोष्ट बाहेर कुणी फोडली म्हणून संघाची बैठक झाली. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, मीच फोडली.'

मी म्हणाले, 'असं का सांगितलं तिनं?'

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाशी बोलतात ना, त्या आवाजात बाबा म्हणाले, 'अगं, तिच्याकडे दोनच नावं होती. एक तिचं आणि एक तुझं.'

सहा महिने मी तुझ्यावर रुसून बसले होते, माऊ. इस्त्री करताना मनातल्या मनात तुला बोल लावत होते, की एवढ्याशा गोष्टीचा डोंगर केलास. पहिल्या पत्रातलं 'जरा जास्तच होतंय' हे वाक्य तुझ्या कपाटातून काढून आणता आलं असतं तर आत्ता निघाले असते.

पुढं लिहवत नाही.


११ जानेवारी

माऊ,

मी कट्ट्यावर लिहिलं. तू पाहिलं असशील, नाहीतर कुणी दाखवलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, त्याच टेबलावर बसून, त्याच नावानं. 'मी काका नाही. मी आपल्या माजी गोलकीपरची आई आहे. दुसऱ्या मुलीनं तिचं दुखणं माझ्या स्वयंपाकघरात विश्वासानं मला सांगितलं होतं. ते मी इथं लिहिलं. माझ्या मुलीनं ते लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. तिनं आरोप अंगावर घेतला तो माझ्यासाठी.' खाली माझं खरं नाव घातलं.

पहिला निरोप आला तो कट्टा चालवणाऱ्याचा, ज्याला सगळे पंच म्हणतात. 'काका, तुमचं खातं कुणी हॅक केलंय का?' मी त्याला लॅबमधून फोन केला. बाईचा आवाज ऐकून बिचाऱ्यानं आधी 'काकांना द्या' म्हटलं. मग म्हणाला, 'काढून टाकू का मी ते? लोक तुम्हाला फाडून खातील.' मी म्हणाले, 'राहू दे.'

खाल्लं. ज्यांना मी तीन वर्षं हसवलं तेच सगळे. मी शिकवलेलीच भाषा होती, काही काही वाक्यं तर माझीच, नाव बदलून. मुलीच्या जिवावर उड्या मारणारी, कजाग, वेडी. लॅबचा नंबर कुणीतरी शोधून काढला आणि फोन करून मालकांना विचारलं, 'माणसं चावायला दात मिळतील का तुमच्याकडे? तुमच्या बाई वापरतात तसले?' मालकांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, 'बाई, हे काय आहे?' मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'तुम्ही? एवढं बोलता तुम्ही?' रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं त्यांना.

नऊ दिवस मी एकूण एक शब्द वाचला. शिक्षा म्हणून वाचते असं स्वतःला सांगत होते. पण खरं म्हणजे कुणीतरी एखादं बरं वाक्य लिहील म्हणून शोधत होते. एकानं लिहिलं, 'कबूल तरी केलं.' ते मी अकरा वेळा वाचलं. अकराव्यांदा माझी मलाच शिसारी आली. पंचाला सांगून खातं बंद केलं. आता दुपारी डबा उघडते आणि खिडकीबाहेर बघत जेवते. समोर कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे, इतक्या वर्षांत कधी दिसलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र कट्ट्यावर लिहिली नाही. शिडी हातमोजे ठेवून निघाली, तेव्हा कोचनं तुला उठवलं आणि तू जाकीट काढून पळायला लागलीस. त्या वेळी, माऊ, मी टाळ्या वाजवल्या. ती अजून मैदानातच होती, बाहेर पोचायची होती. माझी पोर खेळणार म्हणून मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ते तुला सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगते.

आई


८ फेब्रुवारी

माऊ,

शिडीला भेटून आले.

तुझ्या जुन्या कॅप्टननं बाबांना फोन केला होता. संघातल्या सगळ्यांनी वाचलं म्हणाली. तुला फोन करायची हिंमत होत नाही कुणाला. तिच्याकडूनच कळलं की शिडीनं क्लब सोडला, आता नदीपलीकडच्या एका फ्रेमच्या दुकानात काम करते. मी शनिवारी अर्धी रजा टाकली. दुकानासमोरून तीनदा गेले. चौथ्यांदा तिनंच आतून पाहिलं.

ती काच कापत होती. पट्टी लावून, हिऱ्याच्या पेननं एक रेघ ओढली आणि टचकन काच दुभंगली. हात दगडासारखे स्थिर. केस बारीक कापलेत तिनं. म्हणाली, 'बसा काकू. एवढी दोन झाली की आले.' गिऱ्हाइकाला म्हणतात तसंच.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. घरून निघताना चार वेळा म्हणून पाहिलं होतं. तिनं ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही. मी थांबल्यावर म्हणाली, 'मला माहीत होतं.'

'कट्ट्यावर वाचलंस?'

'नाही, तेव्हाच. बैठकीत ती उभी राहून म्हणाली ना, मी फोडलं म्हणून. तिला खोटं बोलता येत नाही काकू, कान लाल होतात. मग तिनं कुणासाठी खोटं बोलावं, असे किती जण आहेत?'

'मग तू गप्प का राहिलीस?'

'तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला तेच हवं होतं.' तिनं काचेचे तुकडे एका डब्यात लोटले. 'तुमची लाज राखावी म्हणून नाही हां. तुम्हाला वाटेल तसं.'

मी म्हणाले, 'नाही वाटलं.'

'नंतर तिचे फोन आले. मी घेतले नाहीत. तिचं नाव दिसलं की तुमचं स्वयंपाकघर आठवायचं. तिची काही चूक नव्हती, पण मला घेववलंच नाही.'

म्हणजे मी तुझी मैत्रीणही घालवली होती, माऊ. ते माझ्या यादीत नव्हतं.

मी तिला म्हणाले, 'माफ कर असं म्हणायलाही मला तोंड नाही.'

ती जरा चिडली. 'मग काय म्हणू मी? माफ केलं म्हणू? म्हटलं की तुम्हाला बरं वाटेल आणि तुम्ही घरी जाल. मला कुठं जायचंय?' मग आवाज खाली आणला. 'मी परत खेळेन की नाही ते मला माहीत नाही. पण ते तुमच्यावरून ठरणार नाही. एवढं ठरवलंय. आता तुम्ही निघा, आणि परत येऊ नका. निदान एवढ्यात तरी नको.'

मी उठले. दारापर्यंत आले तर म्हणाली, 'तिचा पत्ता आहे का तुमच्याकडे?'

मापाच्या चिठ्ठीमागे लिहून दिला. तिकीट पाहावं लागलं नाही. ती वाचून म्हणाली, 'बापरे, केवढ्या लांब गेली.'

मी म्हणाले, 'बसनं नऊ तास.' वेळापत्रक मला पाठ आहे. सकाळी सहाची आणि दुपारी दोनची. दोनदा डेपोपर्यंत जाऊन परतले आहे. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहिलं गेलं.

आई


३ मार्च

माऊ,

काल तुझ्याशी बोलले आणि तरी आज पत्र लिहायला बसलेय. बाबा हसतायत. हसू देत.

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा होता. फोनवर तुझं नाव दिसलं. ते मी नऊ महिन्यांत पुसलं नव्हतं, पण ते असं उजळताना बघून मला आधी काही कळेचना. हात न धुताच उचलला. फोनच्या कडेला अजून प्लास्टर आहे.

तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस. 'शिडीचं पत्र आलं,' म्हणालीस. 'मग तुझीही फोडली. एका दमात वाचली.' तू म्हणालीस, 'त्यावर आत्ता काही बोलणार नाही. दुसऱ्या कामासाठी फोन केलाय. ऐक.'

आणि वाचायला लागलीस. कोपऱ्यानं पुन्हा माझ्यावर लिहिलं होतं. मला पत्ताच नव्हता, मी कट्टा उघडतच नाही. 'जिनं पोटच्या पोरीचा खेळ चावून खाल्ला, तिला दात बनवायचं काम शोभतंच.' मग तू त्याला लिहिलेलं उत्तर वाचलंस. त्यातलं पुढचं सगळं त्याच्याबद्दल होतं. तो अजून मॅचला दोन तिकिटं काढतो, शेजारची खुर्ची रिकामी ठेवतो, हे अख्ख्या स्टेडियमला माहीत आहे. बायको का गेली ते त्याची भाषा वाचून कुणालाही कळेल. असं बरंच. काय नेमकं लिहिलं होतंस! एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. काका लिहायचे अगदी तसं.

'पाठवलंस?' मी विचारलं.

'नाही. आधी तुला ऐकवते म्हटलं.'

खरं सांगू? मला 'पाठव' म्हणावंसं वाटत होतं. नऊ महिन्यांनी तुझा आवाज, आणि तो माझ्या बाजूनं. सगळ्या जगाला कळावं, लॅबमध्ये मोठ्यानं वाचून दाखवावं, असं वाटत होतं.

म्हणाले, 'पुसून टाक.'

'का? काही खोटं आहे का त्यात?'

'खरं आहे म्हणूनच. मी लिहिलं तेही खरंच होतं, माऊ. आणि मीही तुझ्यासाठीच लिहिलं होतं.'

मागं कुणीतरी भिंतीवर चेंडू मारत होतं, धप, धप, धप. मला वाटलं, झालं, आता ठेवणार.

'पुसलं,' म्हणालीस.

'सगळं?'

'हो, सगळं. आता काय बोलायचं?'

एवढी पत्रं लिहिली आणि आयत्या वेळी ततपप. शेवटी म्हणाले, 'गुडघ्याचं कसं आहे?' आणि तू गुडघ्याचं सांगायला लागलीस, मग तिथल्या कोचचं, मग खोलीतली खिडकी लागत नाही त्याचं. बाबांना विचारून बिजागरीला काय करायचं ते कळवते म्हणाले. बावीस मिनिटं. तू घरी कधी येणार ते मी विचारलं नाही आणि तू बोलली नाहीस. शिडी तुझ्याकडे दोन दिवस येणार आहे म्हणालीस. मी नुसतं 'छान' म्हणाले, माझ्या आवाजात आणखी काही यायच्या आत. ठेवताना तू मला आई म्हणालीस का, ते मी आठवून आठवून पाहिलं. नाही म्हणालीस. चालेल.

नंतर दुपारभर माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. एक सुळा उलटा बसवला. मालक म्हणाले, 'बाई, हा माणूस जेवणार कसा?'

तू पुसलंस ते फार बरं केलंस. कोपऱ्याबद्दलचं जे होतं ते मी विसरून जाईन, वचन देते. पण त्याच्या आधी, सुरुवातीला, तू दोन वाक्यं लिहिली होतीस. 'ती माझी आई आहे. तिनं काय केलं ते तुमच्या सगळ्यांपेक्षा मला जास्त माहीत आहे.' तीही पुसली गेली असणार. मी ती दुसरीकडे कुठं उतरवून ठेवलेली नाहीत, आत्ता इथं लिहिली तेवढीच. हे पाकीट पेटीत टाकलं की माझ्याजवळ ती फक्त पाठ उरतील.

आई